कॉम्प्युटर कामाला का गेमला?

सोलापुरात नवी पेठेत जा नाहीतर सात रस्त्याला, कॉम्प्युटरच्या दुकानात पाय ठेवला की काउंटरवरचा पोरगा पहिला प्रश्न हाच टाकतो, "कशाला पाहिजे काका, कामाला का गेमिंगला?" काका म्हणतात, "कामालाच की. टॅली आणि जीएसटीचं बघायचंय." मागे उभा असलेला दहावीतला चिरंजीव त्याच वेळी दुकानदाराला डोळ्यांनी खुणावत असतो. मग कधी कामाच्या नावाखाली महागडं ग्राफिक्स कार्ड गळ्यात पडतं, तर कधी पोराला गप्प करायला लाल-निळ्या दिव्यांची कॅबिनेट येते आणि आत निघतो साधा ऑफिसचा माल. दोन्हीकडे पैसे चुकीच्या जागी जातात.

खरं तर काम कुठलं आणि खेळ कुठला हे मशिनला कळत नाही. एखादी गोष्ट किती घाईची आहे आणि एका वेळी किती आकडेमोड करायची आहे, एवढंच त्याला कळतं. म्हणून दुकानदाराच्या प्रश्नाचं उत्तर "कामाला" किंवा "गेमला" एवढ्यावर भागत नाही. आणि घरात वेगळं ठेवायला हवं ते मशिन नव्हे, मशिनमधला हिशोब. ते पुढे येईलच.

दोन कळांच्या मधे काय चालतं

आधी हिशोबाचं बघू. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलच्या कारखान्याची विक्री टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवायची आहे असं समजा. व्हाउचर उघडलं, पार्टीचं नाव निवडलं, रकमेच्या जागी १२५०० टाकायला घेतलं. '१' ची कळ दाबली की कीबोर्डकडून इशारा जातो, विंडोज टॅलीला उठवते, टॅली तो आकडा ठेवून घेते, पडद्यावर काढते आणि परत झोपी जाते. पुढची कळ येईपर्यंत तिला काही काम नाही. हात बसलेला माणूस सेकंदाला पाच-सहा कळा दाबतो, म्हणजे दोन कळांमध्ये दीडशे ते दोनशे मिलिसेकंद जातात. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) एवढ्या वेळात प्रोसेसर त्या कळेचं काम कधीच उरकून मोकळा झालेला असतो.

खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर गेलं की प्रोसेसर किती राबतोय त्याचा आलेख दिसतो. तो समोर ठेवून पाच मिनिटं हिशोब चढवा किंवा वर्डमध्ये अर्ज टाइप करा. आलेख तळाशी पडून राहतो. अधूनमधून एखादं टोक वर येतं, एवढंच. आकडे तुम्ही भराभर टाकत असता, पण मशिनच्या लेखी तुमची बोटं फार हळू चालतात.

आता गेम लावा. गेम तुमच्या कळेची वाट बघत बसत नाही. तुम्ही हात काढून चहाला गेलात तरी झाडं हलत असतात, गाड्या पळत असतात, शत्रू शोधत असतो. साधा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला मिळतात साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात कुठली कळ दाबली ते वाचायचं, प्रत्येक वस्तू थोडी पुढे सरकवायची, कोण कशाला धडकलं ते तपासायचं, उजेड-सावली धरायची आणि पूर्ण चित्र नव्याने रंगवायचं. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला ६० वेळा म्हटलं की हा आकडा १२ कोटी ४४ लाखांच्या घरात जातो. एखाद्या चित्राला १६.७ ऐवजी २५ मिलिसेकंद लागले की पोरगं लगेच ओरडतं, "लॅग होतंय!"

टॅलीला उत्तर द्यायला अर्धा सेकंद उशीर झाला तर काकांच्या लक्षातही येत नाही. गेमला तेवढा उशीर झाला तर डाव संपलेला असतो. काम आणि खेळ यांतला पहिला खरा फरक हा, वेळेचा.

दुसरा फरक आकडेमोडीच्या जातीचा. प्रोसेसर म्हणजे सीपीयू हा मुरलेल्या मुनिमासारखा असतो. कुणाची उचल किती, कुणाचे खाडे किती, कुणाला कुठला नियम लागू, असा गुंता तो एकहाती सोडवतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे विड्या वळायला बसलेल्या हजार बाया: प्रत्येकीचं काम साधं, सगळ्यांचं सारखं, आणि एकीला दुसरीसाठी थांबावं लागत नाही. पगाराचा हिशोब हजार जणींत वाटून लवकर होणार नाही, आणि एकट्या मुनिमाला विड्या वळायला बसवून सांजेपर्यंत हजार विड्याही पुऱ्या होणार नाहीत. पडद्याच्या २० लाख ठिपक्यांचा रंग काढणं हे विड्या वळण्याच्या जातीचं काम आहे. घरच्या प्रोसेसरमध्ये सहा, आठ, फार तर सोळा-चोवीस कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे भाग, असतात. ग्राफिक्स कार्डात छोटी-छोटी हजारो असतात, ती यासाठीच.

म्हणून जीएसटी आणि टॅलीला वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. प्रोसेसरमध्येच बसवलेलं ग्राफिक्स त्याला पुरून उरतं. ८ जीबी रॅममध्ये भागतं, १६ असली तर ब्राउझरच्या पन्नास टॅब उघड्या ठेवायची मुभा. पैसे घालायचेच तर एसएसडीवर (न फिरणाऱ्या, चिपांच्या डिस्कवर) घाला. जुनी फिरणारी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की सात-आठ वर्षांचं मशिनही अंगात आल्यासारखं धावतं.

पण कामही कधीकधी खेळापेक्षा जड असतं. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला ग्राफिक्स कार्ड लागतंच लागतं. एका मंगल कार्यालयातलं दिवसभराचं चित्रीकरण, त्यात ड्रोनचं वेगळं, हे सगळं रात्रीतून कापून जोडायचं म्हणजे मशिन गेमपेक्षा जास्त घामाघूम होतं. घराचे थ्रीडी नकाशे करणाऱ्यांचंही तेच. उलट कोरल ड्रॉमध्ये चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स करणाऱ्याला (हा आपल्या गावातला बारमाही धंदा) कार्डापेक्षा रॅम जास्त कामी येते, कारण फाइली अवाढव्य. तेव्हा दुकानात "कामाला" असं मोघम सांगण्यापेक्षा कुठलं सॉफ्टवेअर चालवणार ते सांगा. एडिटिंग करणाऱ्याचं कामाचं मशिन आणि गेमरचं मशिन आतून जवळजवळ जुळे भाऊ निघतात.

खेळानेच कामाला वाट करून दिली

या दोघांचं नातं जुनं आहे, आणि त्याचा एक धागा सोलापूरकराच्या अंथरुणातच सापडतो. आपल्या चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्डवर विणली जाते, ते यंत्र फ्रान्समध्ये ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास उभं केलं. कुठला ताणा उचलायचा आणि कुठला नाही, हे पुठ्ठ्यावरची भोकं सांगतात. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने तीच भोकांच्या पुठ्ठ्यांची युक्ती आपल्या आकडेमोडीच्या यंत्रासाठी घेतली. ते यंत्र त्याच्या हयातीत पुरं झालं नाही, कारण पैसा पुरेना. मग त्याने काय विचार केला? फुली-गोळा खेळणारं एक यंत्र बनवावं, त्याचं प्रदर्शन मांडावं, लोक तिकीट काढून बघतील, त्यातून मोठ्या यंत्राला पैसे उभे राहतील. ही गोष्ट त्यानेच १८६४ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. खेळणारं यंत्रही झालं नाही, पण कामाचा खर्च खेळातून काढायची कल्पना कॉम्प्युटर जन्मायच्या आधीची आहे, हे मला फार गमतीचं वाटतं.

पुढे १९७७ मध्ये ॲपल टू हा घरगुती कॉम्प्युटर आला. त्यात रंग होते, आवाज होता, गेमच्या मुठी जोडायची सोय होती, कारण तो बनवणाऱ्या स्टीव्ह वॉझनियॅकला त्यावर चेंडूने विटा फोडायचा गेम चालवायचा होता. दोनच वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याच मशिनवर व्हिसिकॅल्क आलं. आजच्या एक्सेलचा हा पूर्वज. ते एक सॉफ्टवेअर चालवता यावं म्हणून हिशोबवाल्यांनी अख्खं मशिन विकत घेतलं. खेळापायी रंगीत झालेलं यंत्र असं ऑफिसात शिरलं.

आयबीएमचा पीसी १९८१ चा. त्याच्या नकला निघायला लागल्या तेव्हा नक्कल किती अस्सल ते कसं तपासायचं, हा प्रश्न पडला. लोक त्यावर दोन सॉफ्टवेअर लावून बघत: हिशोबाचं लोटस वन-टू-थ्री आणि विमान उडवायचं फ्लाइट सिम्युलेटर. दोन्ही मशिनच्या पार आतल्या भागांना हात घालत, त्यामुळे नकलेत कुठे कसूर असली तर लगेच उघडी पडायची. एक काम, एक खेळ, आणि दोन्हींत पास झालं तरच मशिन खरं.

आणि अलीकडचं. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्स्की, इल्या सुत्सकेवर आणि जेफ्री हिंटन यांनी फोटोतली वस्तू ओळखणारं 'ॲलेक्सनेट' तयार केलं. ते शिकवलं कशावर, तर गेम खेळणाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन ग्राफिक्स कार्डांवर. आज ज्या एआयची सगळीकडे चर्चा आहे त्याच्या पायात गेमरांच्या खिशातला पैसा आहे. ठिपके रंगवायला जमवलेली हजार हातांची फौज तिथे गुणाकार करायला लागली.

सोलापूरचं ऊन आणि कार्डाची भूक

कॉम्प्युटर जितकी वीज खातो तितकी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. ऑफिसचं साधं मशिन मॉनिटरसकट ६० ते १०० वॅटमध्ये भागवतं. बऱ्यापैकी गेमिंगचं मशिन ऐन खेळात ३०० ते ४०० वॅट ओढतं. रोज चार तास धरले तर दिवसाला १.६ युनिट, महिन्याला ४८. बिल स्लॅबच्या काठावर असेल तर हे ४८ युनिट वरच्या दराने बसतात, आणि मग चर्चा घरातल्या सगळ्यांसमोर होते.

पंखा चिपला थंड करतो म्हणजे खोलीतली हवा तिच्यावर फुंकतो. २५ अंशांच्या खोलीत चिप ७० अंशांवर राहत असेल, तर ४० अंशांच्या खोलीत ती साधारण ८५ वर जाते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, कधी ४३ पर्यंत. पत्र्याच्या खोलीत दुपारचं तर विचारू नका. चिप ९५ ते १०० अंशांजवळ पोचली की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करते. जानेवारीत गड्डा यात्रेच्या सुट्टीत सुरळीत चालणारा गेम मे महिन्यात अडखळतो तो याच कारणाने. गेम बिघडलेला नसतो, की इंटरनेटही.

पूर्व भागातल्या ज्या घरांत खाली माग चालतात आणि वर माणसं राहतात, तिथे आणखी एक गोष्ट बघायला मिळते. कॅबिनेटचं झाकण काढलं की हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांवर कापसाच्या बारीक तंतूंची पांढरी गादी बसलेली असते, नखाने सोलली तर अखंड निघावी अशी. पंखा जोरजोरात फिरतो, आवाज करतो, पण वारा आत जायला फटच नसते. हिशोबाचं मशिन अशा गादीसकट वर्षानुवर्षं कुरकुरत चालतं, कारण ते तापतच नाही फारसं. गेमिंगचं मशिन मान टाकतं. ब्लोअरने झटकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं.

यूपीएसचंही तेच. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच झेपवतो. हिशोबाच्या मशिनला त्यावर दहा-पंधरा मिनिटं आरामात मिळतात, व्हाउचर सेव्ह करून बंद करायला भरपूर. त्याच यूपीएसवर गेमिंगचं मशिन लावलं आणि खेळ रंगात असताना लाइट गेली, तर यूपीएस 'टीं' करून हात वर करतो आणि मशिन क्षणात बंद. यूपीएस असूनही बंद पडलं म्हणून लोक यूपीएसला नावं ठेवतात. तो बिचारा आधीच झेपेल तितक्या किंवा त्याहून जास्त ओझ्याखाली असतो.

नेट फास्ट आहे, तरी अडकतं का?

शंभर एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं तरी गेम अडकतो, ही तक्रार घरोघर आहे. गेम खेळताना डेटा फार थोडा जातो-येतो, व्हिडिओच्या मानाने किरकोळ. पण तो वेळच्या वेळी यावा लागतो. सिनेमा बघताना पुढचं अर्धं मिनिट आधीच आणून ठेवता येतं, म्हणून मधे नेट दमलं तरी कळत नाही. गेममधलं पुढचं अर्धं मिनिट अजून घडलेलंच नसतं, आणणार कुठून? व्हिडिओ कॉलवरच्या मीटिंगलाही हेच लागू पडतं, म्हणजे या बाबतीत ऑफिसची मीटिंग गेमच्या पंगतीला बसते.

एकाने मोठी फाइल चढवायला घेतली की राउटरपाशी रांग लागते आणि गेमचा इवलासा निरोप त्या रांगेत उभा राहतो. उलटही होतं. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरायची धांदल चाललेली असते आणि आतल्या खोलीत ७० जीबीचा गेम उतरत असतो. गेमच्या लाँचरमध्ये डाउनलोडची वेळ रात्रीची लावता येते. ती लावा, आणि जमलं तर मशिनला वायफायऐवजी सरळ केबल जोडा.

भिंत कुठे घालायची

एकच मशिन सगळ्यांनी वापरायला माझी काही हरकत नाही. विंडोजमध्ये एकच अकाउंट सगळ्यांनी वापरायला मात्र आहे, आणि बहुतेक घरांत तसंच चालतं: एकच अकाउंट, त्यालाच ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे हक्क, पासवर्ड नाही किंवा सगळ्यांना पाठ.

यात धोका असा. पोरगं मित्राच्या पेनड्राइव्हवरून क्रॅक केलेला गेम आणतं. "अँटिव्हायरस बंद करून इन्स्टॉल कर" अशी सूचना सोबत असतेच, आणि तो ती पाळतो. गेम चालतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. त्यासोबत आलेला चोर मात्र त्याच अकाउंटमध्ये बसून ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वाचू शकतो: जीएसटीचा, मेलचा, बँकेचा. रॅन्समवेअर असेल तर हिशोबाच्या फाइलींना कुलूप लागतं आणि पैशांची मागणी येते. अधिकृतपणे घेतलेल्या गेममध्ये ही भीती जवळजवळ नसते. सगळा घोळ फुकटच्या मालाचा.

उपाय साधा आहे. सेटिंग्जमध्ये अकाउंट्सवर जाऊन घरातल्या प्रत्येकाला वेगळं अकाउंट द्या. मुलांचं 'स्टँडर्ड' प्रकारचं. ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळंच ठेवा आणि रोजच्या कामाला तेही वापरू नका. स्टँडर्ड अकाउंटमध्ये शिरलेल्या घाणीला दुसऱ्या अकाउंटच्या फाइली सहसा वाचता येत नाहीत. काही इन्स्टॉल करायचं झालं तर बहुतेकदा ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो, आणि "पप्पा, पासवर्ड टाका की" या वाक्याला तुम्ही काय उत्तर देता त्यावर सगळं अवलंबून राहतं. न बघता टाकलात तर भिंतीला तुम्हीच दार पाडलंत.

इथे एक मेख आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. टॅलीचा डेटा पुष्कळदा यूजर्समधल्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये पडलेला असतो, आणि पब्लिक म्हणजे त्या मशिनवरच्या सगळ्यांना खुला. अकाउंटं वेगळी केली तरी हिशोब ओसरीवरच राहिला! टॅलीच्या सेटिंगमध्ये डेटाचा पत्ता बघा, तो पब्लिकमध्ये असेल तर डेटा कामाच्या अकाउंटच्या फोल्डरमध्ये हलवून पत्ता बदला. जमत नसेल तर टॅलीवाल्याला बोलवा, पंधरा मिनिटांचं काम आहे. बॅकअपची हार्डडिस्क कॉपी झाल्यावर काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कलाही रॅन्समवेअर कुलूप लावतं.

वेळेचं बंधन घालायचं तर मुलांच्या अकाउंटला मायक्रोसॉफ्ट फॅमिलीतून रोजचे तास ठरवून देता येतात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमचा मामला वेगळा. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्यांवर देशभर बंदी आणली आहे. ई-स्पोर्ट्स आणि नुसत्या करमणुकीचे गेम तिच्यात येत नाहीत.

राहिला नव्या-जुन्या मशिनच्या वाटणीचा प्रश्न. नवीन गेमिंगचं घेतलं की जुनं मशिन "हिशोबाला बास होतंय" म्हणून वडलांकडे जातं. ताकदीच्या हिशोबाने ते बरोबरच आहे. पण त्या जुन्यावर बहुधा विंडोज १० असते, आणि तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या फटी बुजवणारे अपडेट तिला आता आपोआप मिळत नाहीत. म्हणजे घरातला गेम भक्कम दाराआड आणि बँकेचे पासवर्ड मोडक्या दाराआड, अशी गत. जुन्यावर विंडोज ११ चढत असेल तर चढवा आणि खुशाल हिशोब करा. चढत नसेल तर हिशोब नव्या मशिनवर, वेगळ्या अकाउंटमध्ये घ्या, आणि जुन्याचं नेट काढून ते गाण्यांना आणि जुन्या क्रिकेट गेमला ठेवा. पोरगं कुरकुरेल, कारण ११ तारखेला संध्याकाळी त्याची खुर्ची जाणार. ११ तारीख महिन्यातून एकदाच येते.